सेट समाजशास्त्र (मराठी माध्यम) ऑनलाइन कोर्स : व्हिडिओ घ्या, नोट्स राहू द्या

तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवते आणि सेटची, म्हणजे सहायक प्राध्यापक होण्यासाठीच्या राज्य पात्रता परीक्षेची, तयारी करते. मराठीतून पेपर दोन (विषयाचा पेपर) शिकवणारे कोर्स मोजकेच, म्हणून हा घेतला. २,४९९ रुपयांत रेकॉर्डेड व्हिडिओ, कुरिअरने छापील नोट्स आणि टेस्ट सिरीज मिळते. तिन्ही गोष्टी एकाच ॲकॅडमीने केल्यात यावर विश्वास बसू नये, इतका दर्जात फरक आहे.

पैसे वसूल होतात ते पहिल्या युनिटमध्ये. दुर्खीम, वेबर, मार्क्स, म्हणजे समाजशास्त्राचे अभिजात विचारवंत. शिकवणाऱ्या मॅडमचा आवाज बारीक, फळ्यावरचं अक्षर यथातथाच, पण त्या मूळ पुस्तकाचं पान स्क्रीनवर लावून ओळ न् ओळ वाचतात. बाकी सगळ्या गाइडमध्ये ठरलेली रीत असते: आधी सगळे विचारवंत उरकायचे आणि शेवटी उरलेल्या जागेत ‘स्त्रीवादी दृष्टिकोन’. या मॅडम बाईचा प्रश्न दुर्खीमच्या तासालाच दुर्खीमला विचारतात.

‘आत्महत्या’ (१८९७) या पुस्तकावरचा व्हिडिओ सगळ्यात सरस. आत्मकेंद्री, परार्थवादी, प्रमाणकशून्य, दैववादी असे आत्महत्येचे चार प्रकार आपण सगळेच घोकतो. यातला चौथा दुर्खीमने प्रकरणाच्या शेवटी एका तळटीपेत उरकलाय, हे मला एमएला कुणी दाखवलं नव्हतं. मॅडम ती तळटीप मोठी करून दाखवतात. अतिरेकी नियंत्रणाखाली जीव घुसमटून होणारी आत्महत्या, आणि तिची उदाहरणं कोणती? फार लहान वयात लग्न झालेले नवरे, आणि मूल नसलेली विवाहित स्त्री. लगेच पुढे तो म्हणतो की आजच्या काळात या प्रकाराला फारसं महत्त्व नाही.

मग मॅडम मागची पानं उघडतात. त्याच्याच आकडेवारीत मूल नसलेल्या विवाहित बायकांची स्थिती अविवाहित बायकांपेक्षा वाईट आहे. घटस्फोट जिथे रुळलेला आहे तिथे नवऱ्यांच्या आत्महत्या वाढतात, बायकांना मात्र त्याचा फायदाच होतो. म्हणजे लग्नाचं कवच पुरुषाला जास्त मिळतं आणि त्याचा जाच बाईला जास्त होतो, हे त्याला स्वतःच्याच तक्त्यांत दिसत होतं. याचं कारण तो काय देतो? बाईचं मानसिक जीवन कमी विकसित असतं, ती उपजत प्रेरणेवर चालते, तिला शांत राहायला लग्नाच्या बंधनाची तेवढी गरज नसते! आणि हा तोच माणूस, ज्याने दोनच वर्षं आधी, १८९५ मध्ये, सामाजिक तथ्याचं (व्यक्तीवर बाहेरून दबाव आणणाऱ्या समाजातल्या गोष्टीचं) कारण दुसऱ्या सामाजिक तथ्यातच शोधा असा दंडक घातला होता. पुरुषाची गोष्ट असली की समाज, बाईची असली की शरीर. १८९३ च्या श्रमविभागणीवरच्या पुस्तकातही लिंगभेदावर बोलताना त्याने ल बाँ या फ्रेंच लेखकाने दिलेल्या कवटीच्या मापांचा आधार घेतलाय, तेही पान मॅडम लावतात.

दुर्खीमला झोडून टाळ्या घ्यायचा मोह इथे सहज झाला असता. मॅडम तसं करत नाहीत. त्याने आकडे लपवले नाहीत, म्हणूनच पुढच्या अभ्यासक बायकांना त्याला त्याच्याच तक्त्यांवर धरता आलं, असं त्या सांगतात आणि मला ते पटतं. हा भाग मी टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) वर्गात फळ्यावर मांडला. मागच्या बाकावरची, गेल्याच वर्षी लग्न झालेली मुलगी म्हणाली, ‘‘म्हणजे मॅडम, लग्न त्यालाच मानवतं?’’ एरवी हजेरीपुरतं तोंड उघडणारा तो वर्ग आहे.

वेबरचा व्हिडिओ चांगला आहे, पण त्यातला जीव त्याच्या बायकोच्या, मारियान वेबरच्या, भागात आहे. गाइडमध्ये ती नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याची हस्तलिखितं मार्गी लावणारी बायको म्हणून येते. इथे कायद्याच्या इतिहासातली पत्नी आणि आई यांच्यावरचं तिचं १९०७ चं जाडजूड पुस्तक येतं, १९१९ मध्ये ती जर्मनीतल्या बाडेनच्या विधिमंडळात निवडून गेली तेही येतं. त्या पुस्तकावर दुर्खीमने परीक्षण लिहिलं होतं आणि पितृसत्ताक कुटुंबाबद्दलचं तिचं म्हणणं त्याला पटलं नव्हतं. अभिजात समाजशास्त्रात बाईचा आवाजच नव्हता, ही आपली सोयीची समजूत इथे गळून पडते.

मार्क्स मात्र धावतपळत. मार्क्सचा सहकारी एंगल्स याचं १८८४ चं कुटुंबावरचं पुस्तक दहा मिनिटांत संपतं. उद्या कामावर परत जायला कामगाराला जेवण, धुतलेले कपडे, झोप लागते. ते कोण पुरवतं आणि मार्क्सच्या ‘भांडवल’ या ग्रंथाच्या हिशेबात ते कुठे दिसतं, हा प्रश्न मॅडम विचारतात आणि उत्तर अर्धवट सोडून पुढच्या टॉपिकला जातात. १९७२ पासून घरकामाला मजुरी मागणारी चळवळ याच प्रश्नावर उभी राहिली, तिचं नावही नाही. चिडचिड झाली.

आता नोट्स. त्या मॅडमच्या नाहीत, हे पहिल्या पानावरच कळतं. स्त्रीवाद शेवटी दीड पानात: उदारमतवादी, मार्क्सवादी, जहाल, प्रत्येकी तीन मुद्दे. इंग्रज लेखिका हॅरिएट मार्टिनो ‘कॉम्तची (समाजशास्त्राला नाव देणाऱ्या फ्रेंच विचारवंताची) अनुवादक’ म्हणून एका ओळीत संपली. १८५३ मध्ये तिने कॉम्त इंग्रजीत संक्षिप्त करून आणला हे खरं, पण समाजाचं निरीक्षण कसं करावं यावरचं तिचं पुस्तक १८३८ मधलं, दुर्खीमच्या १८९५ च्या नियमांवरच्या पुस्तकाच्या सत्तावन्न वर्षं आधीचं. टेस्ट सिरीजमध्ये एंगल्सच्या त्या पुस्तकाचं साल १८४८ दिलंय. मी ग्रुपवर लिहिलं, तर ॲडमिनचं उत्तर आलं, ‘‘ताई, एवढं डीप परीक्षेला येत नाही.’’ अहो, साल चुकलंय, त्यात खोल काय! दुरुस्ती अजून झालेली नाही.

थोडा दोष अभ्यासक्रमाचाही आहे. नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) आणि सेटच्या पहिल्या युनिटमधल्या विचारवंतांच्या यादीत बाई एकच, इरावती कर्वे, त्याही यादीच्या अगदी टोकाला. पण म्हणून शिकवणाऱ्याने हात वर करायचे का? भारतीय विचारवंत शिकवणारे सर आंबेडकरांच्या १९१६ च्या जातीवरच्या निबंधातून फक्त अंतर्विवाहाची (आपल्याच जातीत लग्न करण्याची) व्याख्या उचलतात. त्याच निबंधात आंबेडकर सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह यांच्याकडे जात टिकवण्याची साधनं म्हणून बघतात, म्हणजे जातीची कुंपणं बाईच्या देहावरून घातली जातात, हा सगळा युक्तिवाद सरांच्या व्हिडिओत नाही. हा भाग त्याच मॅडमकडे द्यायला हवा होता.

सोयीचं म्हणाल तर ॲप फक्त मोबाइलवर चालतं आणि व्हिडिओ डाउनलोड होत नाहीत. आमच्याकडे संध्याकाळी रेंज जाते, तेव्हा पहाटे बघावं लागतं. व्हॅलिडिटी पुढच्या सेटपर्यंत आहे, ती पुरते.

नुसते व्हिडिओ १,४९९ ला वेगळे मिळतात. तेच घ्या आणि सरावाला सेटच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा. एक मात्र बघून घ्या: इंग्रजी माध्यमाच्या बॅचला पहिलं युनिट दुसरेच सर शिकवतात, या मॅडम फक्त मराठी बॅचला आहेत.