कॉम दे गार्सोंचे सेंट लावून बघितले, आई म्हणाली खुलताबादला गेला होतास का

बहिणीचं छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोत छोटंसं बुटीक आहे, हिमरूचे स्टोल, पैठणीचे काठ लावलेले कुर्ते असलं काही काही. मागं तिला एकानं ऑफर दिली की ताई, तयार सेंट देतो, 100 शिश्या घ्या, वर तुमच्या बुटीकचं स्टिकर लावा, झालं तुमचं स्वतःचं परफ्युम. ती हो म्हणायच्या बेतातच होती. मी म्हणलं थांब बाई, ज्यांनी हे काम नीट केलंय त्यांचं आधी हुंगून तर बघू.

अख्खी बाटली घ्यायची आपली ऐपत नाही, म्हणून कॉम दे गार्सोंच्या सेंटचे 2 मिलीचे तीन डीकँट, म्हणजे मोठ्या बाटलीतून छोट्या शिशीत काढलेलं सेंट, मागवले. कुणाकडून ते सांगत नाही, पण एका शिशीचं झाकण ढिलं निघालं, पाकीट उघडलं तर आमच्या आधी बबल रॅपनंच सेंट लावलेलं, आणि फोटो पाठवला तर पठ्ठ्या म्हणतो उन्हानं होतंय भाऊ.

तर कॉम दे गार्सों म्हणजे टोकियोच्या फॅशन डिझायनर रेई कावाकुबो बाईंचं कपड्यांचं घर, 1969 पासूनचं, अजून कुठल्या बड्या ग्रुपच्या पोटात गेलेलं नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बाईंनी पॅरिसात नेऊन काय दाखवलं तर काळे कपडे आणि भोकं पडलेले स्वेटर. 1994 ला पहिलं सेंट काढलं, त्याची बाटली पण आडवी, नदीतल्या गोट्यासारखी पडून राहणारी. नाहीतर मॉलमधी एकामागून एक हुंगत गेलं की चौथ्या कागदाला सगळं सारखंच गोड लागतंय. इथं तसं होत नाही, कपड्यातला आडमुठेपणा शिशीत पण आलाय.

माझं आवडतं अविन्यों. 2002 ला त्यांनी धुपावर पाच सेंट काढले, एकेका श्रद्धेचं एकेक गाव, जपानचं क्योटो, रशियातलं झागोर्स्क, मोरोक्कोतलं वारझाझात, अविन्यों आणि चक्क आपलं जैसलमेर. अविन्यों फ्रान्समधलं, 14 व्या शतकात पोप तिथं राहायचे. बर्त्रां दुशोफूर नावाच्या माणसानं बनवलंय. फूल नाही, गोडवा नाहीच म्हणलं तरी चालंल, नुसता थंड दगडाला चिकटलेला धूर. मी मनगटावर लावून स्वयंपाकघरात गेलो, आई भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "लोबानाचा वास यायलाय, खुलताबादला गेला होतास का?" पोपच्या गावाचं सेंट लावलं आणि आमच्या घरात ते थेट दर्ग्यात पोचलं, बनवणाऱ्याला यापेक्षा मोठी पावती काय द्यायची.

क्योटो बरंय, सुतारानं नुकताच रंधा मारलेल्या लाकडाजवळ कुणीतरी उदबत्ती लावल्यासारखं. पण मे महिना, 42 डिग्री, सिडकोवरून गुलमंडीला स्कूटीवर जाईपर्यंत निम्मं उडालं. ओ द त्वालेत आहे, हलकंच असणार, त्याचा दोष नाही, आमच्या उन्हाचा आहे. अत्तरवाल्याकडचा खसाचा फाया कानात ठेवला तर संध्याकाळी आंघोळीपर्यंत साथ देतो, हे मात्र खरं.

तिसरं ओड्यूर 53, 1998 चं. याच्यात म्हणे वाऱ्यावर वाळणारे कपडे, नेलपॉलिश, जळलेलं रबर असले वास. बहीण हुंगून दोन मिनिटं गप्प, मग म्हणली हे तर इस्त्रीवाल्याच्या शेजारी पंक्चरवाला बसलाय. मला रोज लावायला नको वाटलं, पण विसरता पण येईना. भोकं पडलेल्या स्वेटरवर हेच शोभंल.

मार्क म्हणाल तर अविन्योंला 5 पैकी साडेचार, क्योटोला साडेतीन, तिसऱ्याला आकडा द्यायला जमत नाही.

स्टिकरवाल्याला बहिणीनं नको म्हणून कळवलं. त्या रात्री तिनं आईची पेटी उघडून लग्नातली पैठणी काढली आणि माझ्या नाकाला लावली. डांबरगोळ्या, जुनं रेशीम, थोडी लवंग, कारण आई घडीत लवंगा ठेवते. म्हणली, आपलं सेंट काढायचं तर हे पाहिजे. आता डांबरगोळीचं सेंट कोण करून देतंय ते शोधायला लागलोय, गुलमंडीवरचा अत्तरवाला तर ऐकूनच हसायला लागला.