धरमपेठेतला जपानी वर्ग: चार अक्षरांत अख्खी सृष्टी

एप्रिलपासून दर शनिवार-रविवार नागपूरच्या धरमपेठेतल्या जपानी वर्गाला जाते. ३० वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. लेक जपानमध्ये नागोयाला असते, म्हणून नाव घातलं. ३ महिन्यांचे ४,५०० रुपये.

ते वसूल झाले सहाव्या शनिवारी. मी विचारलं, आपण 'चराचर' म्हणतो तसं जपानीत काय म्हणतात? सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या बाईंनी, पुस्तक मिटलं आणि फळ्यावर चार अक्षरं काढली: शिन-रा-बान-शोऽ. पहिल्यात तीन झाडं, वर एक, खाली दोन. म्हणजे दाट रान. दुसऱ्याच्या डोक्यावर जाळं, अर्थ पसरून मांडलेलं. तिसरं दहा हजार. चौथं निघताच मागून एक मुलगा ओरडला, "मॅडम, हा तं हत्ती आहे न!" खरंच आहे. तेच अक्षर 'झोऽ' वाचलं की हत्ती, 'शोऽ' वाचलं की रूप, डोळ्यांना दिसेल ते. रानासारखी दाटीनं मांडलेली हजारो रूपं! आपलं चराचर हलणारं आणि न हलणारं अशा दोन ओंजळींत सगळं भरतं; इथे ओंजळच नाही, नुसती दाटी. मला हा शब्द फार आवडला.

मग 'काचोऽफूऽगेत्सु' आला: फूल, पाखरू, वारा, चंद्र. गोड आहे, पण त्यात निसर्गातलं देखणं तेवढंच. बुरशी, गांडूळ बाहेरच. रोजच्या बोलण्यातला शब्द 'शिझेन'. त्याचा जुना उच्चार 'जिनेन', अर्थ आपसूक, आपलं आपण होणारं. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) 'नेचर'साठी हाच शब्द रुळला. त्या संध्याकाळी अंबाझरीच्या वाटेवर बहावा पिवळाधम्मक लगडलेला पाहिला आणि मनात 'आपसूक' हाच शब्द आला.

उणिवाही सांगते. झेरॉक्स इतकी पुसट की १९ रेघांचं 'रा' म्हणजे नुसता काळा ठिपका. सेन्सेई मात्र वहीवर वाकून "काकू, आधी वरचं जाळं" म्हणत एकेक रेघ गिरवून घेतात. कुलरच्या घरघरीत लांब स्वर ऐकू येत नाहीत, आणि जपानीत स्वर आखूड झाला की शब्दच बदलतो. 'ओबाऽसान' म्हणजे आजी, 'ओबासान' म्हणजे मावशी-आत्या. नातवाशी बोलणाऱ्या बाईला हे परवडत नाही.

पुढच्या तुकडीतही मी नाव घातलंय. तुम्ही येणार असाल तर फळ्यासमोरचा पहिला बाक धरा, कुलर तिथून लांब आहे.