धडगावच्या आरोग्य शिबिराविषयी अभिप्राय
नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव परिसरात एका स्वयंसेवी संस्थेने भरवलेल्या तीन दिवसांच्या आरोग्य शिबिरात मी दुभाषा म्हणून काम केले. परदेशातून आलेले बहुतेक स्वयंसेवक भारतात प्रथमच येत होते. गर्दी आणि उन्हाची त्यांना कल्पना होती. परंतु सातपुड्याच्या डोंगरवाटांनी पहाटेच निघालेल्या पावरा या आदिवासी समाजातील स्त्रिया, कडेवर मूल घेऊन रांगेत शांतपणे बसलेल्या पाहून त्यांतील एक परिचारिका बराच वेळ काही बोललीच नाही.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी सर्वांत नेटकी झाली. बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब द्रावणात मिसळायचा आणि नळीमागच्या काळ्या रेघा स्पष्ट दिसतात की गढूळपणामुळे झाकल्या जातात, हे पाहायचे. मात्र गढूळ आलेला नमुना वाहकाचा (म्हणजे दोष अंगी असूनही सहसा आजारी नसलेल्याचा) आहे की रुग्णाचा, हे ठरवण्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढची तपासणी लागते, हेही प्रत्येक कुटुंबाला धीराने समजावण्यात आले.

उणीव राहिली ती औषधवाटपात. पाकिटांवरील सूचना इंग्रजीत होत्या आणि माझे मराठीही अनेक आजींना पावरीत पुन्हा सांगावे लागे. ते काम गावच्या आशाताईंनी केले, तेही कुणी न सांगता. पुढील शिबिरात त्यांना पहिल्या दिवसापासून, योग्य मानधन देऊन, सोबत घ्यावे, अशी आयोजकांना माझी आग्रहाची विनंती आहे.