नव्या बिझनेस क्लास विमान कंपनीच्या नावावर माझे 84,794 रुपये गेले, वाचून घ्या

आकडा पहिलेच लिहून टाकतो, कारण ठाण्यात, बँकेत, सोयऱ्याधायऱ्यात सगळे विचारतात की साधारण किती गेले. साधारण नाही. 84,794 गेले. पाच जणांच्या तिकिटाचे 59,995, वरून जीएसटी म्हणून 10,799, परत मिळणाऱ्या डिपॉझिटच्या नावावर 12,500 आणि बाबांच्या व्हीलचेअरचे 1,500. गाडीभाडं 6,500 वेगळं. 2025-26 च्या हंगामात कापसाचा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे 8,110 होता, त्या भावानं धरलं तरी साडेदहा क्विंटल कापूस झाला हा. फवारणी, वेचाई, गाडी लावून केंद्रावर रांगेत दोन रात्री, हे सगळं करून आलेला पैसा एका पोरीच्या गोड आवाजावर गेला.

गावाचं नाव लिहित नाही, घरच्यांनी सांगितलं नको लिहू. वऱ्हाडातलं आहे, नागपूरपासून पावणेदोनशे किलोमीटर.

झालं असं की लहान्या भावानं बंगलोरला फ्लॅट घेतला, वास्तू होती माघात. आईबाबांना न्यायचंच होतं. बाबा 76 वर्षांचे, मणक्याचं ऑपरेशन झालेलं, एक तास सरळ बसले की पाय बधीर होतात. रेल्वेनं नेलं असतं तर जवळपास एक दिवस गेला असता आणि विमानाच्या साध्या सीटमध्ये गुडघे समोर टेकतात असं भावानंच सांगितलं. म्हणून मी मोठ्या सीटचं पाहत होतो. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण नंतर ज्यानं त्यानं मला हेच ऐकवलं की तुला बिझनेस क्लासचा शौक कशाला. शौक नव्हता. बापाला पाय लांब करून बसता यावं एवढंच होतं.

डिसेंबर 2025 च्या शेवटी मोबाईलवर जाहिरात आली. नवीन विमान कंपनी, सगळ्याच सीट बिझनेस क्लास, नागपूर ते बंगलोर जाऊन-येऊन 11,999, लाँच ऑफर, पहिले 500 प्रवासी. आता कोणी म्हणेल एवढ्यावर कसा विश्वास ठेवला. तर ऐका. त्याच महिन्यात इंडिगोची विमानं रद्द होऊन सगळा गोंधळ झाला होता आणि सरकारनं नव्या विमान कंपन्यांना एनओसी दिल्याच्या बातम्या टीव्हीवर रोज होत्या. त्याआधी 16 एप्रिल 2025 ला अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं, आमच्याकडे कोणाला वाटलं होतं का कधी? इंडिगोनं सुद्धा बिझनेसच्या सीट आणल्या 2024 पासून. त्या जाहिरातवाल्या कंपनीच्या पोरीनं मला फोनवर सांगितलं की सर, पॅरिस ते न्यूयॉर्क अशीच सगळी बिझनेस क्लासची कंपनी आहे, ला कंपनी नावाची, तोच कन्सेप्ट आम्ही भारतात आणतो आहे. मी शोधून पाहिलं तर खरंच आहे! ज्या विमानात दोनशेच्या आसपास माणसं बसतात त्यात ते 76 सीट ठेवतात. तिची एक गोष्ट खरी निघाली म्हणून मी बाकीच्या चार तपासल्याच नाही. हे लोक असंच करतात, निम्मं खरं सांगतात.

आणि एनओसीचं मला आता समजलं ते सांगतो. मंत्रालयाची एनओसी म्हणजे कंपनी काढायला हरकत नाही, एवढंच. विमान उडवायला डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचं, एअर ऑपरेटर सर्टिफिकेट लागते, एओसी म्हणतात त्याला. मला एनओसीचा कागद पाठवला होता व्हॉट्सॲपवर, अशोकस्तंभ वगैरे सगळं. तो कागद खरा असता तरी त्यावर तिकीट विकता येत नाही. डीजीसीएच्या साईटवर परवानाधारक कंपन्यांची यादी आहे, पाच मिनिटांचं काम आहे, ते करा.

सुरुवातीला 501 रुपये टोकन घेतलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून परत केलं, म्हणे सिस्टीममध्ये दोनदा एन्ट्री झाली, सर तुमचे पैसे आमच्याकडे राहायला नको. माझ्या मनातली शंका त्या 501 नं संपली. कोणी न मागता पैसे परत करत असेल तर तिथूनच सावध व्हा.

आता जी गोष्ट मला अजून झोपू देत नाही ती. जानेवारीतली रात्र, साडेनऊ वाजून गेलेले, आमच्याकडे त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज रात्री दहाला येत होती, गव्हाला पाणी द्यायचं होतं. मी गमबूट घालून अंगणात उभा, बायको हातात बॅटरी घेऊन बाजूला. पोरीचा फोन चालूच, सर ऑफर आज रात्री बंद होते आहे, लास्ट सहा सीट आहे. मी क्यूआर स्कॅन केला. स्क्रीनवर विमान कंपनीचं नाव यायला पाहिजे होतं ना? आलं एका बाईचं नाव. खाली बारीक अक्षरात बँकेतलं नाव, तेही तेच. बायकोनं वाकून वाचलं आणि म्हणाली, "अहो, हे तं कोन्या बाईचं नाव दिसते, कंपनीचं काऊन नाही?"

मी म्हटलं, "तुले काय समजते त्यातलं, अकाउंटंटचं असन." आणि पिन टाकला. 59,995.

मला दिसलं होतं. खोटं नाही बोलत, मला तिच्या आधी दिसलं होतं. पण फोनवर ती पोरगी सर सर करत होती आणि तिला हे विचारलं तर ती म्हणेल की गावठी माणूस आहे, याला कंपनीचं अकाउंट कसं असते तेही माहीत नाही, याची मला लाज वाटली. बाजारात बियाण्याची बॅग घेतो तर लॉट नंबर पाहतो, पक्कं बिल मागतो, दुकानदार चिडला तरी मागतो. आणि इथे साठ हजाराला एक प्रश्न विचारला नाही. पैसे पाठवायच्या आधी जे नाव दिसते ना स्क्रीनवर, तेच खरं. बाकी लोगो, फोटो, एअर होस्टेसचे व्हिडिओ कोणीही बनवते. आणि घरातली बाई काही म्हणाली तर दोन मिनिटं थांबा, मी बायकोची माफी मागितली नंतर, पण ती अजून नीट बोलत नाही माझ्याशी आणि तिचं बरोबर आहे.

पुढचं पटापट झालं. दोन दिवसांनी जीएसटी. बिझनेस क्लासवर 18 टक्के आहे हे खरं आहे, 22 सप्टेंबर 2025 पासून, त्याआधी 12 होता. मी तपासलं, बरोबर निघालं, 10,799 पाठवले. पण अरे, कर तिकिटाच्या बिलातच येते, मागाहून वेगळ्या नंबरवर कोणी मागते का? मग सीट डिपॉझिट माणशी 2,500, बोर्डिंग झाल्यावर परत. मग व्हीलचेअर. म्हाताऱ्या, आजारी माणसासाठी विमान कंपन्या व्हीलचेअर फुकट देतात, आधी सांगून ठेवायचं फक्त. बाबांच्या दुखण्यावर सुद्धा 1,500 घेतले, याचा राग मला सगळ्यात जास्त आहे.

तिकीट आलं पीडीएफमध्ये. तालुक्याला जाऊन कलर प्रिंट काढल्या, 20 रुपये एक, पाच प्रिंट, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये टाकल्या. पीएनआर दहा आकडी होता. रेल्वेचा पीएनआर दहा आकडी असते, आयुष्यभर तोच पाहिला, म्हणून मला बरोबर वाटला. विमानाचा सहा असते, अक्षरं आणि आकडे मिळून. आणि ई-तिकिटाचा वेगळा तेरा आकडी नंबर असते, तो माझ्या कागदावर नव्हताच. पाठ करून ठेवा हे.

निघायच्या दिवशी पहाटे तीनला बोलेरो केली. आईनं पेटीतलं लुगडं काढलं होतं, लग्नाकार्यालाच नेसते ते. सोबत तिळाचे लाडू, सांबारवड्या केळीच्या पानात बांधून, आणि वास्तूसाठी चांदीची समई धोतराच्या फडक्यात. तिला सामानात द्यायची नव्हती समई, मांडीवर घेऊन बसली रस्ताभर. सोनेगावच्या विमानतळावर दाराशी सीआयएसएफचा जवान असतो, तो तिकीट आणि आधार पाहतो. त्यानं फोल्डर घेतलं, एकदा पाहिलं, मागची बाजू पाहिली, परत पुढची पाहिली. मग बाजूच्याला दाखवलं. मला म्हणे, "भैया, ये एयरलाइन यहाँ से चलती ही नहीं है." मी म्हटलं नवीन आहे, लाँच झाली. त्यानं आतल्या बोर्डाकडे बोट दाखवलं, त्यात नाव नाही. आत काउंटर नाही. कोणाकडेच काही नाही. माझ्यामागे लाईन लागलेली, लोक घड्याळ पाहून राहिले. तो जवान चांगला होता, तो म्हणाला साइड में आ जाइए, माताजी को बिठाइए. आई विचारते आहे, "काय झालं रे बाप्पा, विमान गेलं काय?" मी फोन लावतो आहे, स्विच ऑफ.

भावानं तिकडून सांगितलं मी दुसरी तिकिटं काढतो आईबाबांची, संध्याकाळच्या विमानाची. माझ्या खात्यात 3,412 होते. पण बाबा म्हणाले, "मले घरी ने. आता नाही येत मी." आणि नाहीच ऐकलं. वास्तू त्यांनी मोबाईलवर पाहिली ओसरीत बसून. समई अजून आमच्याच घरी आहे.

आता या सरकारी लोकांचं ऐका. नागपुरात एका ठाण्यात गेलो तर म्हणे पैसे तुम्ही गावावरून पाठवले, तिकडे द्या तक्रार. आमच्या तालुक्यात गेलो तर म्हणे तुम्ही विमानतळावर फसले, नागपूरला द्या. तीन चकरा. तिसऱ्या चकरेत साहेब मीटिंगमध्ये, साडेअकरापासून चार वाजेपर्यंत बाकावर बसवून ठेवलं, आणि मग ज्यानं अर्ज घेतला तो हसून बाजूच्याला म्हणतो, "शेतकऱ्याले बिझनेस क्लास कायले पायजे होता?" मी त्याच्याकडे काही फुकट मागायला गेलो होतो का? माझा पैसा, माझा बाप. चोर शोधायचा सोडून मी कोणत्या सीटवर बसायचं हे तू ठरवणार? एका वकिलानं सांगितलं की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडो, कोणत्याही ठाण्यात माहिती घ्यावीच लागते. ते कलम कागदावर लिहून नेलं तेव्हा कुठे शिक्का मारून अर्जाची प्रत दिली. एफआयआर नाहीच, अर्ज. चौकशी चालू आहे म्हणतात. काय चौकशी? मला एक फोन नाही आला. त्या बाईचं खातं कुठल्या शाखेत आहे ते स्क्रीनशॉटवरून निघते, तेवढंही नाही केलं.

बँकेत मॅनेजर म्हणाला पिन तुम्हीच टाकला, बँकेचा संबंध नाही. बरं, मान्य. पण समोरचं खातं कोणाचं, ते गोठवलं का, एवढं तरी सांगा. तर म्हणे ती गोपनीय माहिती आहे. चोराची गोपनीयता सांभाळता आणि माझं काय? मला पासबुकात एन्ट्री करून पाहिजे होती पुराव्याला, तर प्रिंटर बंद, सोमवारी या.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाईनवर मी फोन केला तो विमानतळावरून घरी आल्यावर, म्हणजे शेवटचे पैसे पाठवून बारा दिवस झाल्यावर. त्यांनी तक्रार नंबर दिला, पण तोपर्यंत पैसा खात्यातून खात्यात फिरून निघून गेला होता. होल्ड झाले 1,206 रुपये, तेवढेच. शंका आली की त्याच मिनिटाला 1930 लावा, लाज वाटते म्हणून भाऊबंदाला आधी विचारू, सकाळी पाहू, असं करू नका. चॅट डिलीट करू नका. मी रागात निम्मं डिलीट केलं होतं, तोही मूर्खपणा झाला.

काही लोक मला म्हणाले की मोठमोठ्या कंपन्या बुडाल्या, एप्रिल 2019 मध्ये जेट बंद पडली, मे 2023 मध्ये गो फर्स्ट, त्यांच्यात पण लोकांचे पैसे अडकले. अहो, ते वेगळं. तिथे विमानं होती. इथे एक क्यूआर कोड होता.

मागच्या मंगळवारी परत फोन आला, माणसाचा आवाज, ग्राहक संरक्षण विभागातून बोलतो म्हणे, तुमचे 84,794 मंजूर झाले, प्रोसेसिंगचे 2,999 भरा. पैशापैशाचा बरोबर आकडा सांगितला. तो आकडा माझ्या तक्रारीत आहे आणि त्या चोरांकडे आहे, बाकी कोणाकडे नाही. बायको बाजूलाच होती, तिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि कट केला. तो नंबर मी त्याच दिवशी तक्रारीत जोडून दिला. जाहिरात आता वेगळ्या नावानं, वेगळ्या रंगात चालू आहे, नागपूर ते गोवा, सीटचा फोटो मात्र तोच, डाव्या हाताच्या खिडकीजवळ पांढरी उशी असलेला. दिसला की थांबा.