बॅरा की स्टॉर्नोवे? मुलांसाठी गेलिक शाळा निवडताना

स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांवर नोकरी लागली आणि मुलांना गेलिकमधून, म्हणजे तिथल्या जुन्या स्थानिक भाषेतून, शिकवावं असं मनात आलं, की आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पूर्ण गेलिक माध्यमाची माध्यमिक शाळा अख्ख्या देशात एकच, आणि ती आहे ग्लासगो शहरात, २००६ पासून. बेटांवर काही विषय गेलिकमधून, बाकीचे इंग्रजीतून. दहावीच्या वयाच्या परीक्षेत गणित, इतिहास, भूगोल गेलिकमधून देता येतात खरे, पण शाळेत त्या विषयाला गेलिक येणारा शिक्षक हवा ना!

बॅरा बेटावरच्या कॅसलबे शाळेत बालवाडीपासून शेवटच्या वर्षापर्यंतची मुलं एकाच ठिकाणी शिकतात. बेटाची वस्ती जेमतेम बाराशे. विमान समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर उतरतं, म्हणून त्याचं वेळापत्रक भरती-ओहोटी पाहून लावतात. बोटीने मुख्य भूमीवरच्या ओबन बंदराला जायला पाच तासांच्या आसपास. वर्ग इतके लहान की मूल मागच्या बाकावर लपूच शकत नाही. गाणं आणि वाद्यं गेलिकमधून शिकवणाऱ्या ‘फेश’ या उत्सवांची चळवळ १९८१ मध्ये याच बेटावर सुरू झाली, त्यामुळे शाळेबाहेरही भाषा कानावर पडते. दुसरी बाजूही बघा. इतक्या लहान शाळेत एक शिक्षक सोडून गेला की त्याचा विषय गेलिकमधून बंद पडू शकतो. वरच्या वर्गांत विषय कमी पडतात तेव्हा २०१६ मध्ये सुरू झालेली ‘ई-स्कॉल’ ही ऑनलाइन सोय कामी येते: मूल हेडफोन लावून इथल्या खोलीत, शिक्षक भलत्याच बेटावर. अभ्यासू मुलाला हे जमतं. टाळाटाळ करणाऱ्याला मुळीच नाही. आणि मैत्री बिनसली तर दुसरी तुकडी कुठून आणणार?

लुईस बेटावरच्या स्टॉर्नोवेची निकल्सन इन्स्टिट्यूट १८७३ ची. गावच्याच, पुढे शांघायमध्ये कमावलेल्या एका अभियंत्याच्या पैशातून उभी राहिलेली. पटावर हजाराच्या आसपास मुलं. विषयांची निवड, प्रयोगशाळा, खेळ, सगळ्यातच बॅरापेक्षा कितीतरी जास्त वाव. गेलिक रेडिओ आणि टीव्हीचं बरंच काम याच गावात चालतं, म्हणजे या भाषेवर पोट भरणारी माणसं मुलांना रोज दिसतात. मात्र मधल्या सुट्टीत इंग्रजीच ऐकू येणार. लुईसवर कडव्या प्रोटेस्टंट परंपरेमुळे रविवार अजूनही शांत असतो. रविवारची बोट सुरू झाली तीच २००९ मध्ये. बॅरा कॅथलिक आहे, तिथे हा प्रश्न येत नाही.

स्काय बेटावरचं पोर्ट्री गाव तिसरा पर्याय. १९९५ पासून मुख्य भूमीशी जोडणारा पूल आहे, बोटीची कटकट नाही. पण पर्यटकांमुळे घर मिळवताना नाकी नऊ येतात.

माझ्या मते बेटापेक्षा मुलाचं वय महत्त्वाचं. पश्चिम बेटांवर २०२० पासून पहिलीचा प्रवेश आपोआप गेलिक माध्यमात होतो, इंग्रजी हवं तर तसं कळवावं लागतं. पाच वर्षांचं मूल वर्ष-दोन वर्षांत बोलू लागतं. घरी मराठी, शाळेत गेलिक, मैदानावर इंग्रजी असं तिहेरी गणित त्या वयात जड जात नाही. अशा मुलासाठी मी बेधडक बॅरा म्हणेन. बाराव्या वर्षी थेट माध्यमिकला आलेल्या मुलाला मात्र नवशिक्यांच्या अभ्यासक्रमात बसवतात, म्हणजे गेलिक हा फक्त एक विषय उरतो. मग बॅराचे तोटे कशाला सोसायचे? निकल्सनला घाला.

भाषा आपसूक कानावर पडेल या भरवशावरही राहू नका. २०२२ च्या जनगणनेत या बेटांवर गेलिक बोलणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याच्या खाली गेलं.

होकार कळवण्याआधी शाळेकडून माध्यमिकच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाचं चालू वेळापत्रक मागून घ्या. माहितीपत्रकावर जाऊ नका. कोणता तास गेलिकमधून होतो, शिक्षक वर्गात असतो की पडद्यावर, आणि तो रजेवर गेला तर बदली कोण, एवढं स्पष्ट विचारा.