स्प्लिट रिम काढून सिंगल-पीस: जुन्या जीप-पिकअपला १६ इंची घ्यावा की १५ इंची?

विदर्भात अजून वावरात राबणाऱ्या जुन्या विलिज-महिंद्रा पिकअप आहेत, तशाच मागचा भाग कापून हौदा चढवलेल्या जीपही. त्यांतल्या काहींच्या चाकांवर लष्करी धाटणीचे दोन पाकळ्यांचे, म्हणजेच स्प्लिट, रिम सापडतात. ओळख सोपी आहे. आत हबचे (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचे) पाच नट, आणि त्याबाहेरच्या वर्तुळात आणखी आठ. हे बाहेरचे आठ नट चाक गाडीला धरत नाहीत, रिमच्या दोन पाकळ्या एकमेकींना धरतात. ६.००-१६ च्या (सहा इंच रुंद, १६ इंची रिमच्या) टायरात नुसती ३० पीएसआय हवा असली तरी पाकळ्यांना अलग ढकलणारा जोर दोन टनांच्या वर जातो. चाक खोलायला आलेल्या नव्या पोराने चुकून हेच आठ नट आधी सोडले, तर पुढचं सांगायला नको. शिवाय गंज धरतो तो पाकळ्यांच्या सांध्यात, म्हणजे बाहेरून दिसत नाही तिथे. वेल्डिंग करून, नवे बोल्ट टाकून हे रिम ‘तयार’ करून देणारे भेटतात. त्यांच्याकडे जाऊच नका.

बाजारात पर्याय दोन. एक, जुन्या नागरी जीपचा १६ इंची सिंगल-पीस रिम, साडेचार ते पाच इंच रुंद, मध्ये खोलगट, टायर ट्यूबसकट बसणारा. दोन, बोलेरो-मापाचा १५ इंची रिम, सहा इंच रुंद, ट्यूबलेस चालणारा. दोन्हींना पाच स्टडची (हबवरच्या बोल्टांची) भोकं आणि १३९.७ मिलिमीटर म्हणजे साडेपाच इंचांचा पीसीडी, म्हणजे स्टड ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, त्यामुळे दुकानदार छातीठोकपणे सांगतो, ‘बसते ना साहेब’. बसतो खरा, पण स्टडवर बसणं आणि गाडीला चालणं यांत फरक आहे.

पांदणीतून माल वाहणाऱ्या गाडीला १६ इंची घ्या. आधी उंची बघा. ६.००-१६ टायरची उंची साधारण ७३० मिलिमीटर, बोलेरोच्या २१५/७५ आर १५ ची ७०३ च्या आसपास. म्हणजे गाडी सुमारे १३ मिलिमीटर खाली बसते आणि स्पीडोमीटर सुमारे चार टक्के जास्त दाखवतो: खरा वेग ५०, काट्यावर ५२. हे चालवून घेता येईल. २३५/७५ आर १५ घातला तर उंची जवळपास जुळते, पण रुंदीची पंचाईत होते. पॉवर स्टीअरिंग नसलेल्या गाडीत उभ्या जागी स्टीअरिंग फिरवणं ही मग कसरतच, आणि पूर्ण वळणावर टायर स्प्रिंगच्या पाट्यांना घासू शकतो. पावसाळ्यात काळ्या मातीतल्या बैलगाडीच्या चाकोरीत अरुंद टायर सरळ चालतो, रुंद टायर दोन्ही काठांवर चढउतार करत राहतो.

१५ इंचीची बाजूही खोटी नाही. टायर तालुक्याच्या गावातही मिळतो, ट्यूबलेस असल्याने बाभळीचा काटा घुसला तरी हवा हळूहळू जाते, आणि डांबरी रस्त्यावर गाडी शांत धावते. गाडी हौसेची असेल, महिन्यातून दोनदा नागपूर-अमरावती करणारी, तर १५ इंचीला नाव ठेवायला जागा नाही. मात्र २१५/७५ आर १५ वर भारांक १०० असेल तर एका टायरची क्षमता ८०० किलो. मागच्या आसावर गाडीचं वजन अधिक दहा-बारा क्विंटल सोयाबीन असा हिशोब करूनच घ्या.

घेण्याआधी चार मापं घ्यायची, आणि ती दुकानात नाही, गाडीजवळ. पहिलं, मधलं भोक: पुढच्या हबचं बाहेर आलेलं तोंड रिमच्या भोकातून मोकळं जायला हवं. व्हर्नियरने हब मोजा आणि रिमही मोजा. ग्राइंडरने भोक वाढवून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. दुसरं, ब्रेकचा ड्रम: ११ इंची ड्रमवर १५ इंची रिमची आतली बाजू फार जवळ येते. रिम चढवून हाताने पूर्ण फेरी फिरवा, सगळीकडे बोट जायला हवं. तिसरं, रिमच्या आतल्या काठापासून हबवर टेकणाऱ्या पत्र्यापर्यंतची खोली. जुन्या रिमपेक्षा ती जास्त असेल तर टायर टायरॉडकडे (स्टीअरिंगच्या दांड्याकडे) सरकतो. कमी असेल तर चाक बाहेर येऊन बेअरिंगवर ताण पडतो. चौथं, व्हॉल्व्हचं भोक. टीआर-१३ व्हॉल्व्हला ११.५ मिलिमीटर, टीआर-१५ ला १५.७ मिलिमीटर. मोठ्या भोकात बारीक व्हॉल्व्हची ट्यूब बिनाबुशची टाकली की व्हॉल्व्ह हलतो आणि बुडाशी कापला जातो. मग पंक्चरवाला काटा शोधत बसतो.

नटांची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण सगळ्यात जास्त स्टड इथेच मोडतात. पुष्कळ जुन्या विलिज-घराण्याच्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात, म्हणजे दहा नट नेहमीचे आणि दहा उलट्या आट्यांचे. नटावर किंवा स्टडच्या टोकावर ‘एल’ कोरलेला दिसला तर तो घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सैल होतो. हे माहीत नसलं की पान्याला पाइप लावून जोर लावला जातो आणि स्टड हातात येतो. स्टड अर्धा इंच जाडीचा, इंचाला २० आट्यांचा असेल तर नटाने किमान १० आटे धरायला हवेत. नव्या रिमचा पत्रा जाड असला तर इथे तूट येते. नटाचा उतार आणि रिमवरची खाच एकाच कोनाची हवी, नाहीतर नट घट्ट वाटतो आणि वीस किलोमीटरवर ढिला होतो.

जुना स्प्लिट रिम उतरवताना क्रम बदलायचा नाही. गाडी कडक, सपाट जागी उभी करा. काळ्या मातीवर जॅकखाली दोन इंची जाड फळी लागते. चाकांना दगड लावा. मग कुठल्याही नटाला हात लावण्याआधी व्हॉल्व्हची पिन पूर्ण काढा आणि हवा थांबल्यावर भोकात तार घालून बघा, कारण कधीकधी मातीने व्हॉल्व्ह बुजतो आणि टायर रिकामा वाटतो. त्यानंतर हबचे पाच नट. चाक खाली आल्यावरच ते आठ. पाकळ्या गंजून टायरला चिकटल्या असतील तर गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा. गॅसकटरची ज्योत टायर असलेल्या रिमला कधीही नको, हवा काढलेली असली तरीही. तापलेल्या रबराचा वायू आत साठून टायर फुटतो.

नवा रिम बसवताना हबचं तोंड तारेच्या ब्रशने घासा, रंगाचे पोपडेही राहू देऊ नका. चाक अधांतरी फिरवून काठाजवळ वायर धरा. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त डोललं तर रिम परत करा, बॅलन्सिंगने ते सुटत नाही. नट कोरडे, एक सोडून एक अशा क्रमाने, ९० ते ११० न्यूटन-मीटर, आणि पहिल्या ८० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. ट्यूब असेल तर टायरात टाल्क पावडर, एकदा हवा भरून सोडायची, मग परत भरायची, म्हणजे ट्यूबची घडी मोडते. जुना रिव्हेटवाला रिम मिळाला तर त्यावर ट्यूबलेस लावू नका, रिव्हेटांतून हवा झिरपते. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. मे महिन्यात भरदुपारी मोजून हवा कमी करणारे रात्री कमी हवेवर धावतात, कारण तापमान दहा अंशांनी बदललं की साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो.

एक-टनी गाड्यांच्या ७.५०-१६ ला असतो तो लॉक-रिंगवाला रिम. त्यालाही लोक स्प्लिट रिमच म्हणतात, पण जात वेगळी. त्याला वरचे दोन्ही पर्याय लागू नाहीत. रिंग आणि रिम एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, बिनातड्याचे असतील तर तो चालतो, पण हवा लोखंडी सुरक्षा-पिंजऱ्यातच, लांब नळीने, समोर उभं न राहता भरायची. रिंग नीट बसली नसेल तर पूर्ण हवा सोडून बसवायची, हातोडा मारून नाही.

दर चार रिमचा नको, पाचांचा घ्या. स्टेपनी जुनी राहिली तर एक दिवस वावराच्या धुऱ्यावर तीच चढवावी लागते. आणि काढलेले स्प्लिट रिम भंगारवाल्याला अख्खे देऊ नका. टायर उतरवून कटरने काठ कापा, मगच तराजूवर.