रुफस: आयएसओ मोड की डीडी मोड?

रुफस हे विंडोजवरचं सॉफ्टवेअर लिनक्सची आयएसओ फाइल (डिस्क इमेज) पेनड्राइव्हवर आयएसओ किंवा डीडी अशा दोन मोडांनी लिहितं. नाशिकच्या सातपूर-अंबडकडच्या वर्कशॉपांतल्या जुन्या पीसीवर अशा पेनड्राइव्हवरून थेट चालणारं लाइव्ह लिनक्स ‘इनिटरॅमएफएस’वर (सुरू होतानाच्या तात्पुरत्या कमांड स्क्रीनवर) अडकलं, तर तिथेच ‘बीएलकेआयडी’ कमांड द्या, ती सापडलेल्या डिस्कची यादी दाखवते. पेनड्राइव्ह यादीत नसेल तर मोड बदलून उपयोग नाही. निळ्या (यूएसबी ३) पोर्टातून काढून काळ्या यूएसबी २ पोर्टात लावा.

यादीत असेल तर सरळ डीडी मोडने पुन्हा लिहा. आयएसओ मोडमध्ये उरलेल्या जागेत फायली ठेवता येतात, सोय झकास. पण या मोडमध्ये पेनड्राइव्ह सहसा फॅट३२ या फाइल सिस्टीमचा असतो, आणि फॅट३२मध्ये लेबल (डिस्कचं नाव) फार तर ११ अक्षरांचंच. फेडोरा (लिनक्सचा एक प्रकार) आपली डिस्क लेबलवरून शोधतो, ते जुळलं नाही की गाडी अडते. डीडी इमेज जशीच्या तशी उतरवतो, लेबलसकट. नंतर विंडोजला तो ड्राइव्ह नीट वाचता येत नाही, तेव्हा विंडोजच्या ‘डिस्कपार्ट’ कमांडमध्ये तो ड्राइव्ह निवडून ‘क्लीन’ करा. डिस्क नंबर मात्र दोनदा बघा, नाहीतर हार्डडिस्कच साफ!